काळ्याला कोण काय शिकवतंय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा.

घरी सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी गेल्या हंगामात तूर आडवी केली, म्हणून जागलीला, म्हणजे वावरातल्या रात्रीच्या राखणीला, सोबत होईल या विचारानं नवऱ्यानं गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलं. तेव्हा ते दोन महिन्यांचं होतं, आता चार महिन्यांचं आहे. नाव काळ्या. पायाला पाय लागत नाही. मुलांच्या पायांना चावतं, पोरीच्या फ्रॉकला लटकतं, चपला पळवतं, वाळत घातलेलं लुगडं ओढून फाडलं, सासूबाईंच्या दोन कोंबड्या मारल्या. गेल्या आठवड्यात खेळता खेळता आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीत दात रुतला, थोडं रक्त आलं, हळद भरली. शेजारणीच्या लहान मुलीच्या अंगावर उडी मारली तेव्हापासून शेजारीण बोलत नाही. सासरे काठीनं हाणतात आणि म्हणतात, "साखयीनं बांधा. दिवसभर बांधलं म्हंजे रातच्याले कडक होते." नवरा म्हणतो, "घरच्या माणसाले चावते अन् पाहुणा आला त शेपटी हालवते, अशा कुत्र्याचं कराचं काय? त्यापरीस लॅब्राडोर आणू." ताई विचारतात: मारल्याशिवाय हे पिल्लू शिकेल का? बांधून ठेवावं, वावरात नेऊन सोडावं, की कुणाला देऊन टाकावं?

ताई,

चार पानांच्या पत्रात मुलाच्या पोटरीवरच्या जखमेला तुम्ही दीड ओळ दिली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो. पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून हे मी तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, आणि तुम्ही मुलाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलातही. पण हे सदर वाचणाऱ्या कितीतरी घरांत असं पिल्लू आहे आणि "आपल्याच घरचं आहे, त्याले काय होते" असं म्हणून हळद भरली जाते. म्हणून पुन्हा लिहितो.

कुत्र्याच्या दातानं रक्त आलं, नुसता ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली, तरी पहिलं काम एकच. वाहत्या पाण्याखाली साबण लावून ती जागा १५ मिनिटं धुवायची. घड्याळ बघून १५ मिनिटं. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस केव्हाच गेले, आता लस दंडात देतात. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती सीरमही, म्हणजे लसीहून वेगळं, विषाणूला तिथेच अडवणारं औषध, टोचावं लागतं. ते डॉक्टर ठरवतील, पण आपण विचारायला लाजू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची हे खरं, पण ते दहा दिवस सरायची वाट बघत माणसाची लस लांबवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस हातचा जातो. आणि पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही, असं अजिबात नाही.

काळ्याला अजून एकही लस दिलेली नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की देतात, त्यानंतर साधारण महिन्यानं दुसरी आणि मग दरवर्षी. पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची लस तर त्याहून आधी, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायची असते. उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. दहा दिवसांची नजर संपली की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि जंताचं औषधही मागा. पार्वोत पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत ते जातं, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. डिस्टेंपर तर कुत्र्यापुरता राहतच नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात जे सिंह दगावले, त्यांच्यातही डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. तुमच्या जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथे वाघ आहेत. जंगलालगतच्या गावात कुत्र्याला लस टोचणं म्हणजे नुसतं आपलं कुत्रं वाचवणं नव्हे.

आता तुमचा प्रश्न. "मारल्याशिवाय शिकेल का," असं तुम्ही विचारता. यात एक गोष्ट धरूनच चाललेली आहे की काळ्या अजून काही शिकलेलाच नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मला तर दिसतं की दोन महिन्यांत तो पुष्कळ शिकला आहे. फक्त त्याला घरातल्या पाच माणसांनी पाच वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या आहेत.

तुम्हीच लिहिलेला संध्याकाळचा प्रसंग घ्या. मुलगा शाळेतून येतो, दप्तर ओट्यावर टाकतो आणि "काळ्या, छू!" म्हणत अंगणभर पळतो. काळ्या मागे. पोटरीला दात लागतो, मुलगा किंचाळतो आणि आणखी जोरात पळतो. काळ्या शिकतो की चावलं की खेळ वाढतो. तेवढ्यात मुलगी येते, भाकरीचा तुकडा हातात उंच धरते, तो उडी मारतो, तिच्या हातून तुकडा पडतो. तो शिकतो की उडी मारली की खायला मिळतं. तुम्ही चुलीपाशी असता, तो पदर ओढतो, तुम्ही कंटाळून शिळी पोळी टाकता. पदर ओढण्याचंही फळ मिळालं. सासूबाई त्याला हाक एकच मारतात, "हाड्ड". आणि सासरे "काळ्या, ये" म्हणून बोलावतात आणि तो आला की तासाभरापूर्वी चावलेल्या चपलेसाठी काठी घालतात. गेल्या तासाचा हिशेब कुत्र्याला मांडता येत नाही. त्याच्या लेखी काठी पडली ती बोलावल्यावर आलो म्हणून. असं चार-पाच वेळा झालं की तो हाकेला येणं बंद करतो, आणि आपण म्हणतो, कुत्रं ऐकत नाही. कान पाडून, पोट टेकून, डोळे चुकवत बसतो तेव्हा "पाहा, त्याले चूक कळली" असं आपल्याला वाटतं. त्याला चूक कळलेली नसते. तुमचा चढलेला आवाज आणि उगारलेला हात तेवढा कळलेला असतो.

बरं, चावण्याचं कारण तोंडातच आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्या जागी ४२ पक्के दात येतात. तांदळाच्या दाण्याएवढा एखादा दात तुम्हाला अंगणात सापडेलही. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, आणि कुत्र्याला हात नसतात, जे काही चाचपायचं ते तोंडानंच. भावंडांत असताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटून खेळ सोडून जातं, त्यातून दात किती दाबायचा हे पिल्लू शिकतं. काळ्याची भावंडं आता तुमची मुलं आहेत. ती केकाटतात, पण खेळ सोडून जात नाहीत. एवढाच फरक.

म्हणून पहिला धडा मुलांना द्यायचा आहे. दात लागला की पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, नजर वर. काळ्या चार वेळा फ्रॉक ओढेल. हललं नाही तर सोडेल. सोडून बसला की हळू आवाजात "शाब्बास" आणि तोंडात देता येईल असं काही तरी. पहिले चार-पाच दिवस तो आधीपेक्षा जास्त चावेल, कारण आजवर चालत आलेली युक्ती एकाएकी बंद पडली की तो ती आणखी जोर लावून करून बघतो. इथेच बहुतेक घरं हात टेकतात. टेकू नका. मुलगी लहान आहे, तिला झाड होऊन उभं राहणं जमायचं नाही. ती अंगणात असताना मोठं माणूस हवंच. कुत्रं कितीही गुणी असो, लहान लेकरू आणि कुत्रं दोघांनाच कधी सोडू नका.

चावायला काय द्यायचं, तर सुती कासऱ्याचा जुना तुकडा घ्या, मध्ये दोन घट्ट गाठी मारा, माठाच्या पाण्यात भिजवून गार करा आणि द्या. हिरड्यांना फार बरं वाटतं. धागे सुटू लागले की फेकून नवा करा. नायलॉनचा दोर नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, त्यांच्या ढलप्या निघून आतडं फाटतं. मक्याच्या कणसाचं बुरकुंडही नको, ते आतड्यात अडकतं. आणि चपला? चपला उचलून ठेवा. हे सांगितलं की लोकांना राग येतो, "त्याच्यासाठी आम्ही बदलायचं काय?" पण डवरणीच्या वेळी आपण बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतो. पऱ्हाटीचा पाला खाल्ला म्हणून दर तासाला बैलाला मारत बसत नाही. खाताच येऊ नये अशी सोय करतो आणि कामाला लागतो. लुगडं वाळत घालायची दोरी हातभर वर घेणं, कोंबड्यांचं खुराडं बंद ठेवणं, चपला फळीवर ठेवणं, ही त्याच जातीची सोय आहे.

मुसक्यावरून तुमच्या सासऱ्यांकडे येतो. त्यांना विचारा, आजवर किती गोऱ्हे शिकवले. मला खात्री आहे, उत्तर देताना त्यांचा चेहरा बदलेल. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी वखराला कुणी जुंपत नाही. आधी नुसतं जू खांद्यावर, जोडीला जुना शांत बैल, मागे हलकं लाकूड, तेही थोडा वेळ. मग पाठीवर हात आणि ढेपेचा तुकडा. तो बुजला तर माणूस थांबतो, कारण एकदा मनात भीती बसली की ते जनावर जन्मभर जू पाहून अंग चोरतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जो माणूस गोऱ्हा शिकवू शकतो त्याला पिल्लू शिकवणं अवघड नाही. काळ्याला शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्या, असं मी म्हणेन. "तुम्ही मारता" असं सांगत गेलात तर भांडण होईल. "बाबा, तुम्ही गोऱ्हे शिकवले, यालेही शिकवा" म्हणून पाहा.

त्यांनी काय शिकवायचं? सगळ्यात आधी हाकेला येणं, कारण उद्या वावरात समोर डुक्कर उभं असताना हीच एक गोष्ट काळ्याचा जीव वाचवेल. उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे खिशात ठेवायचे. काळ्या चार पावलांवर असताना उकिडवं बसायचं, मांडीवर थाप मारायची आणि एकदाच म्हणायचं, "काळ्या, ये." दहादा नाही. तो आला की तुकडा जमिनीवर न टाकता तळहातावर द्यायचा, दुसऱ्या हातानं मानेखाली खाजवायचं, आणि मग त्याला सोडून द्यायचं. हे सोडून देणं फार महत्त्वाचं आहे. बोलावणं म्हणजे दर वेळी बांधणं किंवा मार, असं झालं की कुत्रं लांबूनच बघतं. बोलावलं, खाल्लं, पुन्हा मोकळं, हे दिवसातून दहा-पंधरा वेळा झालं तर आठवड्याभरात तो धावत येतो. मग अंतर वाढवायचं. आणि हाक सगळ्यांची एकच हवी. सासूबाईंची "हाड्ड", मुलाची "छू" आणि नवऱ्याची शिटी यांतून त्यानं काय उचलायचं? "छू" तर आजपासून बंदच करा. अंगावर सोडायचा तो शब्द आहे, आणि सध्या तो तुमच्याच लेकराच्या पोटरीसाठी वापरला जातोय.

बसायला शिकवायचं तर तुकडा नाकाजवळ धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला त्या क्षणी "बस" म्हणा आणि तुकडा द्या. क्षणभर उशीर झाला तर तो उठलेला असतो आणि उठण्याचं बक्षीस मिळतं. चार महिन्यांच्या पिल्लाचं लक्ष दोन-तीन मिनिटांच्या वर टिकत नाही, तेव्हा एका वेळी तेवढंच. एकदा "बस" जमलं की भाकर देण्याआधी बस, अंगणाचं फाटक उघडण्याआधी बस, पाहुण्यासमोर बस. उडी मारणाऱ्या कुत्र्याला "उडी नको" हे कळवणं अवघड. "बस" हे कळवणं सोपं, आणि बसलेलं कुत्रं उडी मारू शकत नाही. रशियाचे इव्हान पाव्हलॉव्ह, ज्यांना १९०४ मध्ये पचनक्रियेच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला खाणं आणणाऱ्या माणसाच्या पावलांनीच पाणी सुटू लागलं होतं. तुमच्या घरी भाकरीची दुरडी सरकल्याचा आवाज झाला की काळ्या जिथे असेल तिथून येतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. ते त्याला कुणी काठीनं शिकवलं नाही.

साखळीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दवाखान्याच्या आवारात मी एक कुत्रा पाळला होता. माझा दिवस फिरतीचा, म्हणून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडुनिंबाला बांधलेला असे. येणारा-जाणारा त्याला दिसायचा, पण त्याच्यापर्यंत पोचता यायचं नाही, आणि कुणी अंगावर आलं तर पळताही यायचं नाही. पोरं खडे मारून जायची. वर्षभरात तो भुंकून भुंकून घसा बसेपर्यंत भुंकायचा, लोक म्हणायचे डॉक्टरचं कुत्रं कडक आहे, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. एका संध्याकाळी साखळीची कडी तुटली आणि रोज दूध घालणाऱ्या पोराच्या दंडाचा त्यानं लचका तोडला. त्या पोराचा दंड मी धुतला तेव्हा माझे हात थरथरत होते. ते कुत्रं कडक नव्हतं. ते घाबरलेलं होतं आणि माणसाला ओळखेनासं झालं होतं, आणि तसं त्याला मी केलं होतं. सासऱ्यांना हे वाचून दाखवा.

कायद्यानंही हे मान्य नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला मोकळं न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. पण कायद्यापेक्षा तुमच्या अंगणाचा विचार करा. बांधायचंच नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघं कापूस वेचायला गेलात, घरी म्हातारी माणसं आणि लेकरं, अशा वेळी पिल्लू मोकळं सोडणं शक्य नसतं. तुमच्याकडे तुराट्या आहेत. कोठ्याच्या कडेला सावलीत आठ-दहा फुटांचं तुराट्यांचं कुंपण करा, आत पाण्याचं मडकं, एक पोतं आणि गाठीचा कासरा. दुसरी सोय म्हणजे दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर तार ओढून तिच्यावर सरकणारी कडी लावायची आणि तिला दोर बांधायचा, म्हणजे त्याला लांबवर येता-जाता येतं. दोर झाडाला गुंडाळला जात नाही एवढं पाहा. वाढत्या पिल्लाच्या गळ्यातला पट्टा दर आठवड्याला तपासा, दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत. पट्टा मांसात रुतलेली, आत अळ्या पडलेली पिल्लं मी इतकी पाहिली आहेत की हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तसंच गोचिडाचं. पऱ्हाटीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका. ढोरांच्या गोचिडाचं औषधही अंदाजानं ओतू नका. पिल्लू अंग चाटतं आणि तासा-दोन तासांत झटके येऊन मरतं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा, चिमट्यानं ओढून काढा, आणि औषध डॉक्टरांकडून वजनावर मागा. फवारणीचे रिकामे डबे अंगणात ठेवू नका.

कोंबड्यांबद्दल खरं सांगतो. दोन कोंबड्या मारलेल्या पिल्लावर पुढे डोळे मिटून भरवसा ठेवता येईल, असं मी म्हणणार नाही. फडफडत पळणाऱ्या वस्तूमागे धावणं त्याच्या रक्तात आहे. लांब दोर लावून कोंबड्यांपासून वीस पावलांवर त्याच्याजवळ बसा, त्यानं कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की तुकडा द्या, रोज दोन पावलं पुढे सरका. महिनाभरात पुष्कळ फरक पडेल. तरीही तुमच्या माघारी कोंबड्या आणि काळ्या एकत्र मोकळे नकोत.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात दिसतो. काळ्या झोपतो केव्हा? चार महिन्यांचं पिल्लू दिवसातून सोळा-अठरा तास झोपतं, झोपायला हवं. तुमच्या अंगणात सकाळी ढोरं सुटतात, दुपारी पोरं, संध्याकाळी शेजारपाजार. संध्याकाळी सहानंतर त्याच्या अंगात आल्यासारखं होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. जागरण झालेलं लेकरू जसं चिरचिर करतं तसंच आहे ते. दुपारी त्याला तुराट्यांच्या आडोशाला दोन-तीन तास निजू द्या, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. खाणंही तीन वेळा विभागून. नुसती भाकर आणि ताक यावर वाढतं पिल्लू भागत नाही, अंडं, वरण, थोडं दही मिळू द्या. कांदा आणि मनुका मात्र नकोत. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा भर दुपारी डांबरी रस्त्यावरून त्याला चालवू नका, तळपाय भाजतात.

नवऱ्याचं म्हणणं मला दोन ठिकाणी पटत नाही. एक म्हणजे लॅब्राडोर. दाट केसांचं ते कुत्रं वैशाखात यवतमाळला धापा टाकत बसेल, आणि माणसावर माया करणारी ती जात, जागलीला काय येणार? गावठी कुत्रं शिकत नाही हाही गैरसमज. १९५७ मध्ये अंतराळात गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. इवल्याशा पेटीत तासन्‌तास शांत बसायला तिला शिकवलं गेलं. ती परत आली नाही, आणि ते आठवून मला आजही वाईट वाटतं, पण रस्त्यावरचं कुत्रं शिकत नाही असं म्हणायला तिनं जागा ठेवलेली नाही.

दुसरं म्हणजे "पाहुणा आला त शेपटी हालवते." चार महिन्यांच्या पिल्लानं शेपटीच हलवायची असते, ताई. राखण अंगात उतरते ती वर्ष-दीड वर्षाचा होता होता, आणि ती शिकवावी लागत नाही. मिरची चारून किंवा उपाशी ठेवून कुत्रं तिखट होत नाही, त्याचं फक्त पोट बिघडतं. ज्याला आपलं माणूस पक्कं ओळखता येतं, त्यालाच परकं माणूस वेगळं कळतं. मधल्या काळात सहा महिन्यांच्या पुढे तो शिकलेलं विसरल्यासारखा वागेल, तेव्हा खचू नका, "ये" आणि "बस" पुन्हा पहिल्यापासून घ्या. त्याच सुमारास नसबंदीचं डॉक्टरांना विचारा.

आणि म्हणून वावरात सोडायचं उत्तर नाही असंच आहे. जंगलालगतच्या वावरात रात्री एकटं पिल्लू म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. गावाच्या कडेनं फिरणारा बिबट कुत्री उचलतोच. डुकराचा सुळाही पिल्लाला पुरे. वर्ष झाल्याशिवाय जागलीला नेऊ नका, आणि नेलं तरी दोराशिवाय नको, माणसाच्या जवळ, आणि जमलं तर आधी एखाद्या जाणत्या कुत्र्याच्या सोबतीनं. कुणाला द्यायचंच झालं, तर त्या घरी स्वतः जाऊन बघा, लसी टोचून द्या आणि त्याच्या खोड्या लपवू नका. पण माझं मत विचाराल तर दोन महिने थांबा.

सासूबाई त्याला घरात येऊ देत नाहीत, यात मला काही वावगं दिसत नाही. कुत्र्याला उंबरठा शिकवता येतो, अट एकच की सगळ्यांनी तो पाळला पाहिजे. मुलगा रात्री चोरून पांघरुणात घेणार असेल, तर उद्या सकाळी "हाड्ड" कशाला? त्यांना एक मागणं करा. काळ्याची सकाळची भाकर त्यांच्या हातानं पडू द्या, तो बसल्यावरच. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते, ही गोष्ट त्यांना मी सांगायला नको.

शेवटी शेजारीण. लसी झाल्या की लसीचं कार्ड घेऊन तुम्ही स्वतः तिच्याकडे जा. मुलीच्या अंगावर उडी मारली, चूक आमची, आम्ही लक्ष ठेवलं नाही, एवढं म्हणा. मग दोन-तीन आठवड्यांनी, "बस" पक्कं झाल्यावर, एका संध्याकाळी मायलेकींना बोलवा. काळ्या फिरून, खाऊन निवांत झालेला असू द्या. दोर सासऱ्यांच्या हातात. मुलगी तिच्या आईच्या मांडीवर, ओट्यावर, दहा पावलांवर. कुणी तिला "हात लाव, काही करत नाही" म्हणायचं नाही. काळ्या बसला की तिनं भाकरीचा तुकडा लांबूनच जमिनीवर टाकायचा. तो खाईल, पुन्हा बसेल. पाच तुकडे झाले की पुरे, त्या दिवशी तेवढंच. जवळ जायचं की नाही, हे दुसऱ्या दिवशी त्या मुलीला ठरवू द्या.